तोंडावरचा माणूस

आमची आगबोट दुरुस्तीसाठी ठाण्याच्या खाडीत शिरली, त्याच दिवशी मी ती चिखलात रुतवली. तीही कोपरीसमोर, म्हणजे माझ्याच गावासमोर.

झालं असं. कप्तानसाहेबांनी डेकवर येऊन विचारलं, ही खाडी कोणाला ठाऊक आहे? मी हात वर केला. हात वर करणं ही माझी जुनी खोड आहे, ती अजून गेलेली नाही. मला नाळेवर, म्हणजे बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, उभं केलं, हातात पाणी मोजायचा दोर दिला. मी मोठ्या रुबाबात उजवीकडे, डावीकडे असं सांगत होतो. मी गाव सोडून सरकारी नोकरीत शिरल्याला बरीच वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात खाडी माझी वाट बघत थांबली नव्हती. रेल्वेचा पूल झाल्यापासून चिखलाचे उंचवटे जागा बदलत होते. बोट एकदा हळूच खाली टेकली, आणि मग काही केल्या हलेना. ओहोटी लागली. पुढच्या भरतीपर्यंत आम्ही तिथंच. किनाऱ्यावर सगळी कोपरी जमली. मिठागरातली माणसं टोपल्या खाली ठेवून उभी राहिली. त्यांच्यात माझी बायको हिरा होती. तिनं तोंडाला पदर लावला होता, पण हसतेय हे बोटीवरूनसुद्धा दिसत होतं.

रात्री घरी गेलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सगला समुंदर फिरलाव आनि दारात अडाकलाव."

बोटीवर त्या दिवसापासून नामा जाऊन माझं नाव 'पायलट', म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा, असं पडलं. आज घरातली पोरं हा भाग पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. पुढचा भाग मी त्यांना थोडा थोडाच सांगतो. आज सगळा लिहितो.

बोटीचं इंग्रजी नाव आम्हा खलाशांपैकी कोणाला धड उच्चारता येत नसे. तिला काळा रंग होता म्हणून आम्ही तिला 'काळी' म्हणत असू. लहान, लाकडी, वाफेवर चालणारी, पुढे मागे एकेक तोफ. एडनपासून इराणच्या आखातापर्यंत गस्त घालायची, संशयित गलबतं अडवायची, किनाऱ्यावरच्या ठाण्यांना टपाल पोचवायचं, हे तिचं काम. अशा कामात बरीच वर्षं गेली. समुद्रातल्या किड्यानं तळाच्या फळ्या पोखरल्या, वरचे तांब्याचे पत्रे सुटू लागले, बॉयलर गळायला लागला. मुंबईच्या गोदीत तेव्हा फौजेच्या मोठ्या जहाजांची रांग होती. आमच्या काळीला तिथं कोण विचारणार? म्हणून ठाण्याला, एका ठेकेदाराच्या चिखलातल्या गोदीत जाण्याची ऑर्डर निघाली.

चिखलातली गोदी म्हणजे काय, ते सांगतो. खाडीच्या काठाला एक मोठा खड्डा खणायचा. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी खड्ड्यात चढतं, त्याबरोबर जहाज आत घ्यायचं. ओहोटीला पाणी उतरलं की खड्ड्याचं तोंड मातीचा बांध घालून बंद करायचं. जहाज लाकडाच्या ठोकळ्यांवर बसतं. दोन्ही बाजूंनी त्याला टेकू लावायचे, म्हणजे ते कलंडत नाही. मिठागरात आम्ही खाडीचं पाणी आत घेऊन कोंडतो. इथं पाणी बाहेर कोंडायचं आणि जहाज आत, एवढाच फरक. तो बांध कोपरीच्याच माणसांनी घातला होता, आणि चांगला घातला होता.

काळी कोरड्यावर बसली आणि आमचे हाल सुरू झाले. हाल कामाचे नव्हते. सकाळी सहाला हजेरी, मग तळाचे पत्रे उचकटायचे, कुजलेल्या फळ्या काढायच्या, शिंपले खरवडायचे. दुपारी जेवण, पुन्हा तेच, संध्याकाळी पाचला सुट्टी. काम नेमून दिलेलं असलं की खलाशी खूश असतो. पण पायाखालची जमीन हलत नव्हती. जे लोक बोटीवरच झोपत, त्यांना झोप लागेना. उगाच डेकवर येरझाऱ्या घालत, खाडीकडे बघत, एकमेकांवर खेकसत. कोणी विनाकारण दोराच्या गाठी सोडून पुन्हा बांधे. आमचे सारंग दाऊदमियाँ, म्हणजे सगळ्या खलाशांचे मुख्य, रत्नागिरीकडचे होते. वादळात कधी आवाज न चढवणारा माणूस, इथं भाकरी कडक झाली म्हणून भांडारीवर, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्यावर, ओरडला.

मला घरी जायचा पास मिळाला होता. गोदीपासून घर हाकेच्या अंतरावर. सुखानं झोपावं की नाही? पण दर चार तासांनी मी ताडकन उठून बसे, पहाऱ्याची पाळी आली असं वाटून. अंधारात कपडे शोधताना एकदा सासऱ्यांनी डोंबिवलीहून पाठवलेल्या नव्या मडक्यावर पाय दिला. हिरा म्हणाली की माणूस घरी नव्हता तेव्हा निदान मडकी तरी शाबूत होती.

तिचं म्हणणं लग्नापासून एकच होतं. नोकरी सोडा. डोंबिवलीला तिच्या वडिलांची भातशेती होती, मुलगा नव्हता, ते मला बोलावत होते. मी म्हणायचो, काळी पाण्यात जाऊ दे, मग बघू. तिला ठाऊक होतं की काळी पाण्यात गेली की मीही जाणार.

याच दिवसांत बाबाजीशी माझी जोडी पडली. बाबाजी आगवाला, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारा. कल्याणजवळच्या खेड्यातला, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. खांदे एवढे रुंद की दारातून आडवं व्हावं लागे. घरी फक्त म्हातारी आई. बोलणं कमी, आणि बोलला की टोमणा. बॉयलरच्या आत वर्षानुवर्षांचा खाऱ्या पाण्याचा दगडासारखा थर बसला होता. तो हातोडीनं ठोकून काढायचा होता. बॉयलरच्या पाठीवर एक भोक असतं, त्यातून माणूस आत उतरतो. बाबाजीचे खांदे त्यातून जाणं शक्य नव्हतं. माझे गेले. आज हे पोट बघून पोरं हसतात, पण तेव्हा मी त्या भोकातून विळ्यासारखा वाकून आत जात असे. आता माझा गुडघासुद्धा जायचा नाही.

आगवाल्यांचा एक कायदा होता. तो साहेबाच्या कुठल्या पुस्तकात नव्हता, त्यांचा त्यांचाच होता. बॉयलरच्या आत माणूस असेल, तोवर भोकाच्या तोंडावर दुसरा माणूस बसलाच पाहिजे. आतल्याच्या कमरेला दोर, त्याचं दुसरं टोक तोंडावरच्याच्या मनगटाला वेढे देऊन. आत हवा कोंदट, एखादा बेशुद्ध पडला तर बाहेर कळायचं नाही. हातोडीचा आवाज थांबला की तोंडावरच्यानं हाक द्यायची. उत्तर आलं नाही तर ओढायचं. जेवण, शिट्टी, साहेब, काही आलं तरी तोंडावरच्यानं उठायचं नाही. आधी आतल्याला बाहेर काढायचं, मग उठायचं. बाबाजीनं हे मला एकदाच सांगितलं. मी विचारलं, आणि तुम्हाला डुलकी लागली तर? तो म्हणाला, मग तू आत बसून पायलटकी कर.

मी आत ठोकत असे, तो वर बसून विडी ओढत असे. मध्येच भोकातून त्याचा आवाज यायचा, "पायलट, जिवंत ना?" मी म्हणायचो, "हो." एवढंच आमचं संभाषण. पण त्या हातोडीच्या आवाजानं मला बरं वाटायचं. अख्ख्या मेलेल्या बोटीत तेवढंच काहीतरी चालू होतं.

आता बांधाचं सांगायला हवं. सुट्टीच्या दिवशी आमच्या लोकांना काय करावं सुचत नसे. त्यांनी शोधून काढलं की गोदीच्या बांधात चिंबोऱ्या आहेत. चिखलात बिळं करून राहणारे हे खेकडे मोठे चवदार. बोटीवर वर्षानुवर्षं सुकी मासळी खाल्लेली माणसं ती. रिकामपण आणि जिभेचा चाळा, दोन्ही एकदम मिटले. लोखंडी सळ्या घेऊन बिळं उकरायची, हात घालून चिंबोरी ओढायची. बाबाजी त्यात सगळ्यांत पुढे. कालवणही तोच करायचा, आणि हिराकडून मसाला मागून न्यायचा. ते कालवण मीही दोनदा खाल्लं.

कोपरीतलं पोरगंसुद्धा बांधातली चिंबोरी उकरत नाही. खाडीच्या उघड्या चिखलातली धरायची, बांधाची नाही. चिंबोरीचं बीळ एकवेळ चालतं, ते माती दाबून बुजवता येतं. माणसानं मोठं केलेलं बीळ बांध आतून पोकळ करतं. हे मी आमच्या लोकांना सांगितलं. सगळे हसले. कोणीतरी म्हणालं की पायलटला खाडीचं फार कळतं. तिथंच विषय संपला. ज्यानं आपल्याच दारात जहाज रुतवलं, त्याच्याकडून बांधाची अक्कल कोण घेणार? त्यांच्या जागी मी असतो तरी घेतली नसती.

फाल्गुनातल्या पौर्णिमेचं उधाण होतं. दुपारी बारा-साडेबाराला भरती पूर्ण चढणार होती. उजव्या बाजूच्या तळाच्या फळ्या काढलेल्या होत्या, नव्या अजून बसवायच्या होत्या. म्हणजे काळीच्या पोटाला बैलगाडी जाईल एवढं भगदाड. बाकीचे जेवायला बसले होते. आम्हाला बॉयलरचा शेवटचा कोपरा त्या दिवशी संपवायचा होता, म्हणून मी आत आणि बाबाजी तोंडावर.

बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. बांधाच्या बुडातून आधी नळासारखी एक धार आली. मग तिथली माती बसली आणि खाडी आत घुसली. दाऊदमियाँनी ते पाहिलं आणि शिट्टी फुंकली. 'सगळे वर', ऑल हँड्स. बोटीवर आग लागली, पाणी शिरलं, शत्रू दिसला, काहीही झालं तरी हीच शिट्टी, आणि ती ऐकली की खलाशी विचार करत नाही. पाय आपोआप डेककडे पळतात. गोदीच्या काठावर, सुक्या जमिनीवर जेवत बसलेली माणसं ताटं टाकून शिड्यांवरून बोटीवर चढली. पाणी येतंय म्हणून जहाजावर. त्या जहाजाला बूड नव्हतं. इंजिनियरसाहेब काठावरून हात हलवत होते, खाली उतरा, खाली उतरा. कोणाला ऐकू आलं नाही. काठावरची सगळी माणसं हजेरीच्या जागी, डेकवर, रांगेत उभी.

आत शिट्टी आली नाही. मी ठोकत होतो. कमरेचा दोर ताणला गेला.

"बाहेर ये."

"एवढं राहिलंय."

"ये म्हणतो ना."

आवाज नेहमीचाच होता. मी सगळ्यांत आतल्या कोपऱ्यात, नळ्यांच्या खाली पालथा होतो. वळायलाच वेळ लागला. तेवढ्यात बॉयलर तिरका झाला. दिवा घरंगळला आणि विझला. खाली कुठंतरी लाकूड मोडल्याचा आवाज आला. ते टेकू होते. पाण्यानं उचलले आणि एकेक करून निघाले. काळी उजवीकडे कलंडत होती.

अंधारात दिशा कळेना. दोर होता, तो ज्या बाजूला ओढत होता तिकडे सरकत गेलो. भोकाशी पोचलो, डोकं नि एक हात बाहेर काढला, आणि बोटीनं आणखी अंग टाकलं. मी मध्येच अडकलो. बाबाजीनं दोन्ही पाय बॉयलरच्या पाठीला लावले, माझी बगल धरली. जड ओझं ओढताना खलाशी 'हबेस' म्हणतात. तसं तो हळूच, स्वतःशीच म्हणाला, "हबेस." मी बाहेर आलो. पाठीचं कातडं तिथं राहिलं.

खाली इंजिनघरात पाणी चढत होतं. वर जायला लोखंडी शिडी होती. मी तिच्या बाजूला पडलो होतो.

"वर हो," तो म्हणाला.

मी चढलो. तो माझ्या मागे होता. दुरुस्तीसाठी भट्टीतले लोखंडी गज काढून पलीकडे रचून ठेवले होते. ती रास सुटली. आवाज मी ऐकला, बघितलं नाही. मी शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर होतो आणि कमरेचा दोर एकदम ताठ झाला. मला पुढे पाऊल टाकता येईना. मी खाली वाकून हाक मारली. खाली काळं पाणी दिसत होतं, तो दिसत नव्हता.

मग दोर सैल झाला.

त्याच्या मनगटाला तीन वेढे असायचे, घट्ट. ते वेढे आपोआप सुटत नाहीत.

दाऊदमियाँ आणि दोघं आगवाले खाली उतरले. मीही उतरलो. छातीएवढ्या पाण्यात आम्ही गज उचलत होतो, पण ते दिसत नव्हते, आणि पाणी वाढत होतं. साहेबांनी आम्हाला वर ओढून घ्यायची ऑर्डर दिली. ओहोटी लागल्यावर बाबाजीला बाहेर काढलं. बाकी कोणाला मोठी दुखापत नव्हती. काळी कलंडली, पण गोदीच्या काठाला टेकून अडली. नाहीतर डेकवरची सगळी माणसं गेली असती.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. कप्तानसाहेबांनी सारंगला विचारलं, ऑल हँड्सची शिट्टी झाल्यावर हा माणूस खाली काय करत होता? दाऊदमियाँ अटेन्शनमध्ये उभे होते. शिट्टी त्यांनीच फुंकली होती.

"साहेब, तो तोंडावर होता."

साहेबांनी वही मिटली. चिंबोऱ्यांचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही. त्यानंतर चिंबोऱ्यांसाठी बांधाकडे कोणी फिरकलं नाही.

पुढचं थोडक्यात. बांध पुन्हा घालायला सगळी कोपरी आली, कोणाला बोलवावं लागलं नाही. पाणी उपसलं. काळीला दोरखंडांनी इंच इंच सरळ केलं. नव्या फळ्या बसल्या, फटींत ताग ठोकून वर डांबर ओतलं, तांब्याचे पत्रे चढले. बॉयलरचा शेवटचा कोपरा तसाच राहिला होता. तो संपवायला मलाच आत जायचं होतं. मी भोकाशी जाऊन उभा राहिलो. तोंडावर बसायला अजून कोणी ठरलं नव्हतं. तेवढ्यात दाऊदमियाँ खाली आले. सारंगानं इंजिनघरात पाऊल टाकायचं नसतं, ती त्यांची जागा नव्हे. त्यांनी पागोटं सारखं केलं, दोराचं टोक उचललं, मनगटाला तीन वेढे दिले आणि बसले. मी आत गेलो. थोड्या वेळानं वरून आवाज आला, "नामा, हाय ना?" मी म्हणालो, "हो."

वैशाखातल्या उधाणाला बांध फोडला आणि काळी तरंगली. डेक पायाखाली हलला. मग जो तो आपापल्या कामाला लागला. त्या नोकरीत मी पुढे तांडेल, म्हणजे सारंगाच्या हाताखालचा मुकादम, झालो, पेन्शनीपर्यंत राहिलो. बाबाजीचं नाव कुठं दगडावर कोरलेलं नाही. आमच्या बोटीवर मात्र त्यानंतर नवा माणूस आगवाल्यांत आला, की पहिल्या दिवशी त्याला तोंडावर बसवून बाबाजीचं नाव सांगत. काळी मोडीत निघाली तोवर हे चाललं होतं.

पण मी बॉयलरमध्ये पुन्हा उतरलो, ते असंच नव्हे. मी उतरणार नव्हतो. ते त्याआधीचं सांगायचं राहिलं.

बाबाजीचे दिवस झाल्यावर त्याची पेटी म्हातारीला पोचवायची होती. मी जाणार म्हणालो, आणि मग पाय निघेना. शेवटी हिरा बरोबर आली. आम्ही आगगाडीनं कल्याणला उतरलो, तिथून चालत गावात गेलो. म्हातारी ओट्यावर बसली होती. हिराच्या डोक्यावरची पेटी मी उतरवून तिच्यापुढे ठेवली. म्हातारीनंच विचारलं, "आतला तो तू?"

मी मान हलवली. तिनं माझं मनगट धरून बघितलं, खांदा चाचपला.

"बारीक आहेस," ती म्हणाली. "म्हणून आत घालतात होय." आणि हिराला म्हणाली की याला जेवल्याबिगर नेऊ नको. तिनं भाकरी केली, आम्ही जेवलो. बाबाजीबद्दल ती एवढंच म्हणाली की लहानपणी त्याला गुरं राखायला पाठवलं, तर सगळी गुरं घरी आल्याशिवाय हा येत नसे, मग कितीही उशीर होवो.

परतताना आम्ही सासऱ्यांकडे जायला डोंबिवलीच्या वाटेनं चालत निघालो. भाताची कापलेली शेतं, कोरडी भेगाळलेली जमीन, लांबवर खाडी. मग मी म्हणालो, "मी नोकरी सोडतो. तुझ्या बाबांना आजच सांगतो."

लग्नापासून तिला हेच हवं होतं. ती थांबली. डोक्यावरची चुंबळ काढून तिनं हातात घेतली, पुन्हा डोक्यावर ठेवली. ती खाडीकडे बघत होती.

"बाबांना मी सांगीन," ती म्हणाली. "तुमी बोटीवर जावा. तिथं अजून कोनकोन आत उतरतीन. तवा तोंडावर बसाला मानूस नको?"